हलक्या गाडीची बाजू

(तृतीय वर्ष कला)

आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापाशी सकाळी साडेसातला पाच मिनिटे उभे राहिले, की कोण कोणत्या गाडीवरून येतो यावर त्याची कॉलेजातली पत कशी ठरते, हे ध्यानात येते. बुलेट आली की चहाच्या टपरीवरच्या माना आपोआप वळतात. एखादा पल्सरवाला गाडी बंद करण्यापूर्वी विनाकारण एकदा जोराची रेस देतो. आणि दुसऱ्या कुणाच्या हातची बारा वर्षे जुनी स्प्लेंडर घेऊन येणारा विद्यार्थी ती दूर कडुनिंबाखाली, भिंतीच्या आड लावतो. पहिले सहा महिने मीही तशीच आड लावीत असे. आता उघड्यावर लावतो. हा बदल का झाला, आणि ज्याच्या हाती मोजकेच पैसे आहेत त्याने जुनी मोटारसायकल घेताना ती वजनाने हलकीच का घ्यावी, हे सांगण्यासाठी हा लेख.

विषय वार्षिकांकाला शोभणारा नाही, असे दोघा मित्रांनी मला बजावले. 'आजचा युवक कोठे चालला आहे?' हा विषय म्हणे अंकाला शोभतो. आजचा युवक कोठे चालला आहे हे मला सांगता येणार नाही. पण तो कशावर बसून चालला आहे, ते कुणाच्या पैशाचे आहे आणि त्यावर बसून तो सुखरूप घरी परततो की नाही, याविषयी मात्र मला थोडेबहुत बोलता येईल.

आपल्या चाळीसगावचे केकी मूस स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात वर्षानुवर्षे राहिले आणि तेथेच त्यांनी आपले कलेचे जग उभे केले. आम्हां खेड्यावरच्या मुलांना ती प्रतिभा नाही आणि ती सोयही नाही. आम्हांला रोज घराबाहेर पडावेच लागते. गिरणेकाठच्या आमच्या गावाहून कॉलेज अठरा किलोमीटर. बसच्या वेळा आणि तासांच्या वेळा यांचे सूत जुळणे अवघड. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा मी अकरावीत होतो. त्या पाच-सहा महिन्यांत आमच्या गावात कुणाचे शिक्षण कुणाच्या गाडीच्या मागच्या सीटवर अवलंबून आहे, हे स्वच्छ दिसले. ज्यांच्या घरी गाडी होती ती मुले कॉलेजला आली. बाकीची शेतात गेली. मुली तर बहुतेक घरीच राहिल्या. त्यांतल्या काही परत आल्याच नाहीत.

म्हणून २०२४ च्या जून महिन्यात, मी द्वितीय वर्षात गेलो आणि माझ्या धाकट्या बहिणीने प्रथम वर्षाला प्रवेश घेतला, तेव्हा वडिलांनी कापसाच्या पैशांतून तीस हजार रुपये बाजूला काढले. "गाडी पाहा," एवढेच ते म्हणाले. तीस हजार ही रक्कम शोरूमच्या दाराशी नगण्य असेल. आमच्या घरात ती पुढच्या हंगामाच्या बियाण्याखताच्या शेजारी ठेवलेली होती, आणि चुकीची गाडी घेतली तर खताला हात घालावा लागणार होता.

मी गाडी पाहिली. धुळे रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडे दीडशे सी.सी.ची एक काळी गाडी होती. टाकी रुंद, सायलेन्सरचा आवाज घोगरा आणि किंमत बरोबर तीस हजार. मी मनातल्या मनात तिच्यावर बसून कॉलेजच्या फाटकातून आत आलोसुद्धा. इसार देण्यापूर्वी वडिलांना दाखवायला नेले, इतकीच बुद्धी सुचली.

माझ्या वडिलांनी आयुष्यात मोटारसायकल विकत घेतली नव्हती. बैल मात्र बरेच घेतले होते. बैलबाजारात ते जसे जनावराकडे पाहतात तसे त्यांनी गाडीकडे पाहिले. रंगाकडे त्यांनी लक्षच दिले नाही. ते मला म्हणाले, "बंद गाडी ढकलत तेथवर ने आणि वळवून आण." 'तेथवर' म्हणजे डांबराच्या खाली, आदल्या दिवशीच्या पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत. मी नेली. वळवताना गाडी एका अंगाला कलली, माझा पाय घसरला आणि विक्रेत्याने धावत येऊन मागून धरली म्हणून आम्ही दोघेही, म्हणजे मी आणि गाडी, उभे राहिलो. मग त्यांनी बहिणीला गाडी मधल्या स्टँडवर घ्यायला सांगितले. तिला ती जागची हलेना. वडिलांनी अहिराणीत विचारले, "पडनी तं एकला उचलशी का? आनि गाडी दखाडाले लेस का चालाडाले?" पडली तर एकटा उचलशील का, आणि गाडी दाखवायला घेतोस की चालवायला? विक्रेता हसला. मला हसू आले नाही, कारण माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातांनी परतलो आणि आठ दिवसांनी एका शिक्षकांच्या घरची ९७ सी.सी.ची जुनी स्प्लेंडर सव्वीस हजारांत घेतली. उरलेल्या चार हजारांत दोन टायर, चेनचा संच, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च बसवला. ही गोष्ट वडिलांचे कौतुक म्हणून सांगत नाही. त्यांनी विचारलेल्या दोन प्रश्नांत गाडी निवडण्याचे सारे शास्त्र आले आहे, असे मला आज वाटते, म्हणून सांगतो.

आता वजनाचा हिशेब पाहू. स्प्लेंडरसारख्या शंभर सी.सी.च्या गाडीचे वजन साधारण ११० किलोच्या आसपास असते. दीडशे सी.सी.ची पल्सर १४० च्या पुढे जाते आणि साडेतीनशेची बुलेट १९० किलोच्या आसपास भरते. म्हणजे बुलेट घेणारा माणूस शंभर सी.सी.च्या गाडीपेक्षा एका पूर्ण वाढलेल्या माणसाएवढे लोखंड रोज बरोबर नेतो. डांबरी सरळ रस्त्यावर, गाडी वेगात असताना ते वजन जाणवत नाही. ते जाणवते गाडी थांबताना, वळताना, ढकलताना आणि पडताना. आणि आमच्यासारख्यांची गाडी शोरूमच्या चित्रात दिसते तशी सरळ रस्त्यावर फार थोडा वेळ असते. तिला पंक्चर होऊन दोन किलोमीटर ढकलावे लागते. पावसाळ्यात शेतरस्त्याच्या चिखलातून काढावे लागते. संध्याकाळी तिच्यावर दुधाचा कॅन किंवा सरकी-पेंडेचे पोते चढते. ज्याला भरल्या वजनासह गाडी पायांवर तोलता येत नाही, त्याच्यासाठी ती गाडी मोठीच, मग तिची किंमत कितीही कमी असो.

दुसरा हिशेब पेट्रोलचा. माझे रोजचे जाणे-येणे ३६ किलोमीटर. महिन्याचे २४ दिवस धरले तर ८६४ किलोमीटर होतात. लिटरला ६० किलोमीटर देणाऱ्या गाडीला त्यासाठी साडेचौदा लिटर लागतात, ४५ देणारीला एकोणीस लिटरांहून थोडे अधिक. फरक जवळजवळ पाच लिटरांचा. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर गेलेले आहे, म्हणजे महिन्याला पाचशे रुपये आणि कॉलेजच्या दहा महिन्यांत पाच हजार. तीस हजारांच्या गाडीवर दरवर्षी पाच हजार केवळ घोगऱ्या आवाजाचे द्यायचे. शिवाय जड गाडीचे टायर, चेन, ब्रेकचे लायनर यांचा खर्च निराळा. गाडी घेताना आपण फक्त किंमत विचारतो. बैल घेताना मात्र शेतकरी वैरणीचाही विचार करतो.

हलक्या गाडीची आवड काही आजची नाही. आपल्या महाराष्ट्रातच, पुण्याला, १९७२ साली लुना निघाली आणि सायकलवर फिरणारा कारकून, शिक्षक, दूधवाला यांना प्रथमच इंजिनावर बसायला मिळाले. त्या काळी मोटारसायकल म्हणजे राजदूत, जावा-येझ्दी आणि बुलेट. राजदूतच्या १७५ सी.सी.च्या छोट्या जी.टी.एस. गाडीला १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटावरून लोक 'बॉबी'च म्हणू लागले. पेट्रोलमध्ये मापून ऑइल घालणे हा तेव्हाच्या राजदूतवाल्याचा नित्यनेम होता. पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची सी.डी. १०० आली. चार स्ट्रोकचे छोटे इंजिन, ऑइल पेट्रोलात मिसळण्याची कटकट नाही, आणि थोड्या पेट्रोलात लांबचा पल्ला. १९९४ मध्ये त्याच कुळातली स्प्लेंडर आली. खेड्यापाड्यांतला माणूस मोटारसायकलवर बसला तो या हलक्या गाड्यांमुळे. जड गाडीला त्याने कायम नमस्कार केला, पण तिला घरी आणले नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. 'हलकी' या शब्दावर भाळून काही मित्र यामाहा आर.एक्स. १०० च्या मागे लागतात. तिचे उत्पादन १९९६ मध्येच बंद झाले. वजनाने ती हलकी आहेच, पण आज तिची किंमत गाडी म्हणून न होता आठवण म्हणून होते. दोन स्ट्रोकचे इंजिन पेट्रोल अधिक पिते आणि तिचे अस्सल भाग शोधत हिंडावे लागते. ज्याला छंद परवडतो त्याने तो जरूर करावा. ज्याला पहिला तास गाठायचा आहे त्याने जिचा भाग तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतो आणि जिची नस गावच्या मिस्त्रीला पाठ आहे, अशीच गाडी घ्यावी.

स्कूटर का नको, असेही विचारले जाते. गावातल्या गावात फिरणाऱ्यासाठी गिअर नसलेली स्कूटर उत्तमच. परंतु तिची चाके लहान असतात आणि खड्ड्यात लहान चाक अधिक आपटते. स्प्लेंडरसारख्या गाडीचे चाक अठरा इंची. आमच्या गावच्या रस्त्यावर हा फरक पाठीच्या कण्याला कळतो.

आता दुसरी बाजू. आमचे एक प्राध्यापक मला म्हणाले, "हलकी गाडी मोठ्या ट्रकच्या वाऱ्यानेसुद्धा डगमगते. जड गाडी रस्त्याला धरून चालते." हे खरे आहे आणि मी ते नाकारीत नाही. धुळ्याहून चाळीसगावमार्गे कन्नड घाटाकडे जाणाऱ्या महामार्गावर मोठे वाहन शेजारून गेले की हँडल हलते, हा माझा अनुभव आहे. रोज शंभर किलोमीटर महामार्गानेच जाणाऱ्या धट्ट्याकट्ट्या माणसाने थोडी वजनदार गाडी घेतली तर मी त्याला दोष देणार नाही. पण आमच्यापैकी असे किती? शिवाय वाऱ्याने डगमगण्याची भीती वेगाबरोबर वाढते आणि हलकी गाडी आपण होऊन माणसाला चाळीस-पन्नासच्या वेगात ठेवते. वेग ताशी ४० वरून ६० केला तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींना सुधारलेली ब्रेक यंत्रणा सक्तीची झाली, परंतु आपल्या ऐपतीच्या जुन्या गाड्या बहुधा त्यापूर्वीच्या असतात. त्यांना साधे ड्रमचे ब्रेक. अशा गाडीवर जोर दाखवणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत उतरवणे होय. आणि गाडी हलकी असो की जड, हेल्मेटला पर्याय नाही. ते तीस हजारांच्या आतच बसवावे, उरले तर घेऊ असे म्हणू नये.

जुनी गाडी पाहायला जाताना काय पाहावे, हे मी दीड वर्षात मिस्त्रीच्या दुकानात बसून शिकलो ते थोडक्यात सांगतो. मालकाला आधी कळवून ठेवावे की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकमध्ये सुरू झाले पाहिजे. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळीत आहे आणि पुढे मोठा खर्च आहे. बैलाचे वय जसे दातांवरून कळते तसे गाडीचे वय स्प्रॉकेटच्या दातांवरून काही अंशी कळते. ते झिजून टोकदार झाले असतील तर चेनसकट बदलावे लागतील. मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये. पायाखालचे रबर, गिअरचा दांडा आणि ब्रेकचे पेडल किती झिजले आहे ते पाहावे, ती खोटे बोलत नाहीत. मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत का पाहावे. नसतील तर गाडी केव्हातरी जोरात आपटलेली आहे. आणि शेवटी वडिलांची परीक्षा: बंद गाडी मातीत वळवून पाहावी आणि घरात जो जो ती चालवणार आहे त्या प्रत्येकाला स्टँडवर घ्यायला लावावी.

परंतु इंजिनापेक्षाही अधिक फसगत कागदांत होते. आमच्या भागात गाड्या तोंडी व्यवहारावर हात बदलतात. पुस्तक एकाच्या नावावर, गाडी तिसऱ्याच्या दारात. 'आपलाच माणूस आहे' या तीन शब्दांवर सारे चालते. कायद्याप्रमाणे, गाडी त्याच राज्यातली असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत ही गोष्ट परिवहन कार्यालयाला कळवायची असते. ती न कळवण्याचा परिणाम काय होतो हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या निकालात दिसते. तेथे एक मोटार एकामागून एक अनेकांना विकली गेली, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. पुढे अपघात झाला. न्यायालयाने सांगितले की नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. म्हणजे नाव न बदलून आपण विकणाऱ्याच्या मानेवर जू ठेवतो आणि स्वतः विम्याच्या बाबतीत अधांतरी राहतो.

म्हणून पुस्तकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला मागावा. जुने दंड बाकी आहेत का तेही पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी सक्तीची आहे, ती बसवली आहे का पाहावे. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. चौदा वर्षे जुनी गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते.

मी हे इतके तपशिलाने लिहितो, कारण चुकीच्या गाडीचा खर्च शेवटी गाडी घेणारा भरत नाही. तो त्याच्या घरातले कुणीतरी भरते. मी ती काळी दीडशे सी.सी.ची गाडी घेतली असती तर ती फक्त माझी झाली असती. बहीण मागच्या सीटवर बसून आली असती, आणि ज्या दिवशी मला कापूस वेचणीला किंवा पाण्याच्या पाळीला थांबावे लागते त्या दिवशी तिचेही कॉलेज बुडाले असते. वर्षात असे दिवस काही थोडे नसतात. आज अशा दिवशी ती एकटी गाडी घेऊन येते. अठरा पूर्ण होताच तिने शिकाऊ परवाना काढला आणि मुदतीनंतर परीक्षा देऊन पक्का केला. पहिल्या महिन्यात ती दोनदा गाडीसकट पडली, एकदा तर आपल्याच फाटकापाशी. दोन्ही वेळा तिने गाडी स्वतः उचलली, पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि पुढे गेली. त्या दिवसापासून मी गाडी भिंतीआड लावणे सोडले. घरातल्या दोन मुलांना शिकवणाऱ्या गाडीला लपवण्यासारखे काय आहे, हे मला स्वतःलाच सांगता येईना.

महाविद्यालयाला माझी एक विनंती आहे. दरवर्षी जुलै महिन्यात एक दिवस गाडी, परवाना आणि कागदपत्रे यांची माहिती देण्यासाठी ठेवावा. परिवहन अधिकारी आणि गावातला एखादा जाणता मिस्त्री या दोघांनाही बोलवावे, आणि मुलींना पुढच्या रांगेत बसवावे. आपण रस्ता सुरक्षेच्या घोषणा फळ्यावर लिहितो, निबंधाची स्पर्धा घेतो. त्याबरोबर एखादी जुनी गाडी मैदानात उभी करून तिचे स्प्रॉकेट दाखवले तर तेही शिक्षणच ठरेल.

असो. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आपण इतरांना ऐकवण्यासाठी वापरतो. गाडीच्या बाबतीत ती अगदी शब्दशः खरी आहे, सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पुरतात का ते पाहावे. या वर्षी मी पदवी घेऊन येथून बाहेर पडेन. गाडी मात्र आणखी एक वर्ष याच फाटकातून आत येत राहील, कारण बहिणीचे तृतीय वर्ष अजून बाकी आहे.